अवकाशांतील लेसर-शस्त्रें : सरपण आणि राख

भगवान् शंकरानें तिसरा नेत्र उघडतांच मदनाची राख झाली, ही कथा महाराष्ट्रांतील लहान मुलालाहि ठाऊक असते. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं १८९८ सालच्या आपल्या एका कादंबरींत मंगळावरून आलेल्या प्राण्यांच्या हातीं असाच एक उष्ण किरण दिला आहे. शत्रूला दुरून जाळून टाकणारा किरण ही कल्पना सर्व देशांतील लोकांना पूर्वींपासून मोह घालीत आली आहे. या सर्व कथांत किरण कोणावर पडला आणि त्यानें काय जाळलें, याचें वर्णन तपशीलवार असतें. परंतु त्या किरणाला लागणारें बळ कोठून आलें, याची चौकशी कथाकार करीत नाहीं आणि श्रोताहि करीत नाहीं. देवाच्या बाबतींत ती करण्याचें कारणहि नाहीं. मनुष्यानें तसें शस्त्र बनवावयाचें म्हटलें, म्हणजे मात्र हाच प्रश्न पहिला ठरतो.

अमुक राष्ट्र अवकाशांत लेसरच्या तोफा ठेवणार, अशी बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. ती वाचून कोणाला भय वाटतें, तर कोणाला कौतुक. ती कितपत खरी मानावी, हें ठरविण्यास मोठें गणित लागत नाहीं. घरची गृहिणी स्वयंपाकघरासंबंधीं जे प्रश्न विचारील, तेच येथें विचारावयाचे : सरपण कोठून आणावयाचें, चूल किती वेळ पेटती राहील, आणि राख कोठें टाकावयाची?

लेसर म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत पाहिलें पाहिजे. कंदिलाचा प्रकाश हा जत्रेंतील गर्दीसारखा असतो. त्यांतील लहरी निरनिराळ्या लांबीच्या, निरनिराळ्या दिशांना धांवणाऱ्या आणि एकमेकींशीं मेळ नसलेल्या असतात. लेसरचा प्रकाश कवायतीच्या मैदानावरील पलटणीसारखा असतो. त्यांतील लहरी एकाच लांबीच्या, एकाच दिशेनें जाणाऱ्या आणि पावलाला पाऊल जुळवून चालणाऱ्या असतात. असा प्रकाश उत्पन्न होऊं शकेल, याचें बीज आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं मांडलेल्या विचारांत होतें. प्रत्यक्षांत तो १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून मिळविला. पुढें १९६४ सालीं, अमेरिकेंतीलच बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामती येथें झाला, आणि त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्यास झालें. कारखान्यांत पोलादाचा पत्रा कापणारा लेसर त्यांच्या या शोधांतून आला. त्यांचें नांव या विषयांत पुढें पुन्हा यावयाचें आहे, म्हणून तें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां हें शस्त्र अवकाशांतच कां न्यावयाचें? कारण पृथ्वीवर हवा आहे. हवेंतील धूळ, बाष्प आणि ढग किरणाला गिळतात. शिवाय किरण फार प्रखर असला, तर वाटेंतील हवा तापते आणि ती तापलेली हवाच किरणाला विस्कटून टाकते. अवकाशांत यांतील कोणताहि अडथळा नाहीं, आणि प्रकाश तर सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. त्यामुळें आकाशांत फिरत्या चौक्या बसवाव्या आणि शत्रूचें क्षेपणास्त्र जमिनीवरून उठतांच त्याला वरूनच जाळावें, हा विचार आकर्षक वाटणें साहजिक होतें. २३ मार्च १९८३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं अण्वस्त्रें निकामी करणारी ढाल निर्माण करण्याचें आवाहन आपल्या शास्त्रज्ञांना केलें, आणि तेव्हांपासून या विचाराला राजाश्रय मिळाला. वर्तमानपत्रांनीं त्या योजनेला ‘तारकायुद्ध’ असें नांव दिलें.

किरण सरळ जातो, मग अंतराची अडचण काय, असें कोणी विचारील. परंतु अगदीं सरळ जाणारा किरण सृष्टींत नाहीं. प्रत्येक किरण थोडा तरी पसरतो. लहरीची लांबी जितकी अधिक आणि किरण सोडणारा आरसा जितका लहान, तितका पसारा अधिक. लहरीची लांबी मिलिमीटरचा हजारावा भाग धरूं या, आणि आरसा हबल दुर्बिणीच्या आरशाएवढा, म्हणजे २.४ मीटर व्यासाचा घेऊं या. अशा आरशांतून निघालेला किरण १००० किलोमीटर अंतरावर सुमारें एक मीटर व्यासाचा ठिपका पाडील. ठिपका जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा, म्हणजे पाव मीटरचा हवा असेल, तर आरसा दहा मीटरचा लागेल. आजवर अवकाशांत गेलेल्या दुर्बिणींत सर्वांत मोठा आरसा जेम्स वेब दुर्बिणीचा. २५ डिसेंबर १९२१ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या म्हणजे २०२१ सालच्या नाताळांत ती उडाली. तिचा आरसा ६.५ मीटरचा, आणि तोहि अठरा तुकडे जोडून केलेला आहे.

ठिपका पडला म्हणजे पत्रा फाटला असें होत नाहीं. तीन मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा वितळविण्यास सुमारें ८०० जूल उष्णता लागते. ही उष्णता पत्र्यानें शोषून घेतली पाहिजे. अॅल्युमिनियम तर चकचकीत आहे. तो पडलेल्या प्रकाशांतील बहुतेक भाग परत फेंकतो. दहावा भाग जरी शोषला गेला असें धरलें, तरी किरणानें त्या चिमुकल्या तुकड्यावर ८००० जूल ओतले पाहिजेत. आतां लेसर १ मेगावॅटचा, म्हणजे सुमारें १३४० अश्वशक्तीचा घेतला, आणि आरसा वरील २.४ मीटरचा ठेवला, तर १००० किलोमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदास सुमारें १०० जूल पडतात. म्हणजे काळा रंग दिलेला पत्रा आठ सेकंदांत वितळेल, आणि चकचकीत पत्र्याला ऐंशी सेकंद लागतील. तेवढा वेळ किरण एकाच जागीं खिळून राहिला पाहिजे. लक्ष्य भोंवऱ्यासारखें स्वतःभोवतीं फिरत असेल, तर उष्णता सर्व अंगावर वांटली जाते आणि वेळ आणखी वाढतो.

येथवर हिशोब किरणाचा झाला. आतां सरपणाकडे वळावें.

विजेवर चालणारा उत्तम लेसर घेतला, तरी त्याला दिलेल्या विजेपैकीं सुमारें एक तृतीयांश भागच किरणाच्या रूपानें बाहेर पडतो. तेव्हां १ मेगावॅटच्या किरणासाठीं ३ मेगावॅट वीज पुरविली पाहिजे. अवकाशांत वीज मिळण्याचें सर्वांत सोपें साधन म्हणजे सूर्य. पृथ्वीजवळच्या अवकाशांत दर चौरस मीटरवर सुमारें १३६० वॅट ऊन पडतें. चांगले सौर पत्रे त्यांतील तीस टक्क्यांच्या आसपास भागाची वीज करतात. म्हणजे चौरस मीटरला सुमारें ४०० वॅट. या मानानें ३ मेगावॅटसाठीं ७५०० चौरस मीटर पत्रे पसरावे लागतील. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें, तर हें सुमारें ७५ गुंठे झालें. दोन एकरांना थोडेंच कमी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे मूळचे आठ मोठे सौर पंख मिळून ८४ ते १२० किलोवॅट वीज देत असत. म्हणजे एका लेसरच्या पोटाला तशा सुमारें तीस स्थानकांची वीज लागेल. आणि दोन एकरांचें हें नाजूक शेत उघड्या आकाशांत पसरलेलें असतां शत्रूला तें फाडण्यास लेसरची गरजच नाहीं. मूठभर खडे पुरे आहेत.

यावर कोणी चतुर मनुष्य म्हणेल, कीं लेसर दिवसभर थोडाच चालवावयाचा आहे! वीज हळूहळू साठवावी आणि प्रसंगीं एकदम वापरावी. हें म्हणणें विचार करण्यासारखें आहे. येथें विजेचा सांठा आणि विजेचा ओघ यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. हौदांत पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि तोटींतून तें किती जोरानें बाहेर पडतें हा दुसरा. लेसर शंभर सेकंद चालवावयाचा असें धरलें, तर ३ मेगावॅटच्या हिशोबानें ३०० मेगाजूल लागतात. विजेच्या बिलावरील भाषेंत हे अवघे ८३ युनिट होतात. मध्यम स्थितींतील एखादें कुटुंब महिन्याभरांत इतकी वीज सहज वापरतें. किलोला २०० वॅट-तास साठविणाऱ्या विजेऱ्या घेतल्या, तर सुमारें ४२० किलो वजनाच्या विजेऱ्यांत हा सांठा मावेल. सांठ्याची अडचण फारशी नाहीं, हें येथें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. अडचण आहे ती तोटीची. महिन्याभराचें पाणी दीड मिनिटांत ओतावयाचें आहे. एवढ्या ओघानें वीज सोडतांना साधी विजेरी स्वतःच तापून निकामी होईल. म्हणून वेगळ्या आणि अधिक वजनदार विजेऱ्या घ्याव्या लागतील. पुन्हा हौद भरावयाचा तो वेगळाच. उपग्रहावर १० किलोवॅटचे सौर पत्रे असले आणि त्यांना सतत ऊन मिळालें, तरी तो भरण्यास आठ तास वीस मिनिटें लागतील. पृथ्वीच्या सावलींत जाणारा वेळ धरला, तर याहून अधिक.

आतां राखेचा प्रश्न. वास्तविक हाच सर्वांत अवघड आहे, आणि याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

तीन भाग विजेपैकीं एक भाग किरण झाला. उरलेल्या दोन भागांचें काय झालें? त्यांची उष्णता झाली, आणि ती लेसरच्या यंत्रांतच राहिली. २ मेगावॅट उष्णता म्हणजे दोन किलोवॅटच्या एक हजार विजेच्या शेगड्या एका बंद खोलींत एकदम पेटविणें होय. पृथ्वीवर ही उष्णता वारा नेतो, पाणी नेतें. मोटारीचें यंत्र वाऱ्यानें आणि पाण्यानें निवतें. माठांतील पाणी बाहेर झिरपून वाऱ्यानें सुकतें, म्हणून माठ गार राहतो. अवकाशांत वारा नाहीं. अवकाश थंड आहे, तेव्हां तेथें यंत्र आपोआप निवेल, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ती चुकीची आहे. चहाचा थर्मास कां गरम राहतो? त्याच्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकलेली असते म्हणून. उपग्रह हा जणूं काय जगांतील सर्वांत मोठ्या थर्मासांत ठेवलेला आहे. त्याची उष्णता बाहेर जाण्यास एकच वाट उरते : तापलेल्या पृष्ठभागांतून अदृश्य किरणांच्या रूपानें तिचें उत्सर्जन.

ही वाट अरुंद आहे. २७ अंश सेल्सिअस तपमानाची उत्तम काळी पाटी एका बाजूनें चौरस मीटरला सुमारें ४६० वॅट उष्णता सोडते. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या, तरी २ मेगावॅट घालविण्यास साडेएकवीस गुंठ्यांची पाटी लागेल. पाटी अधिक तापवली, तर काम झपाट्यानें सोपें होतें, कारण निरपेक्ष तपमान दुप्पट केलें, तर उत्सर्जन सोळापट वाढतें. परंतु लेसरचे स्फटिक आणि विजेचे नाजूक भाग तितकें तपमान सोसत नाहींत. आंतरराष्ट्रीय स्थानकावर नळ्यांतून अमोनिया फिरवून उष्णता मोठमोठ्या पाट्यांकडे नेतात, आणि ती सर्व व्यवस्था सुमारें ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. येथें तिच्या जवळजवळ तीसपट हवी.

येथेंहि सांठ्याची युक्ति चालते. शंभर सेकंदांत उत्पन्न होणारी २०० मेगाजूल उष्णता बर्फाच्या पोटांत घालतां येईल. त्यासाठीं सुमारें ६०० किलो बर्फ वितळेल. मग पन्नास चौरस मीटरच्या, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या पाटीनें तें पाणी पुन्हा गोठविण्यास पावणेदोन तास लागतील. ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीभोवतीं एक प्रदक्षिणा सुमारें दीड तासांत करतो. म्हणजे एकदां पेटलेली चूल पुन्हा पेटवण्याजोगी होईपर्यंत त्याची एक प्रदक्षिणा होऊन जाते. बर्फाऐवजीं पाणी उकळून वाफ बाहेर सोडून दिली, तर ९० किलोच्या आसपास पाण्यांत काम भागतें. परंतु तें पाणी कायमचें गेलें. दर वेळीं नवें पाणी पृथ्वीवरून अग्निबाणानें न्यावें लागेल.

हा सर्व हिशोब एकत्र मांडला, म्हणजे चित्र स्पष्ट होतें. विजेऱ्या, बर्फ आणि पाट्या घेऊन १ मेगावॅटचा लेसर अवकाशांत शंभर सेकंद चालविणें, हें निसर्गनियमांच्या विरुद्ध नाहीं. परंतु त्या शंभर सेकंदांत, हबलएवढ्या आरशानें, चकचकीत पत्र्याचें एक क्षेपणास्त्र जेमतेम जळेल. मग कित्येक तास चूल थंड. युद्ध सुरू झालें म्हणजे शत्रु एकेक क्षेपणास्त्र तासातासानें सोडणार नाहीं. शेंकडों एकदम सोडील, आणि त्यांचीं यंत्रें जळत असण्याचा काळ अवघ्या कांहीं मिनिटांचा असतो. शिवाय चौकी त्या वेळीं शत्रूच्या माथ्यावर असली पाहिजे. १००० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्र सुमारें ३१ लक्ष चौरस किलोमीटर भरतें, तर पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दीडशेंहून अधिक चौक्या फिरत ठेवाव्या, तेव्हां त्यांतील एक योग्य जागीं असणार. एका पाहाऱ्यासाठीं दीडशें पाहारेकऱ्यांचा पगार देण्यासारखें हें आहे.

विजेचा हा सर्व खटाटोप टाळण्यासाठीं दुसरा मार्ग शोधला गेला. हायड्रोजन आणि फ्ल्युओरीन यांसारख्या द्रव्यांच्या संयोगांतून जी ऊर्जा निघते, तीच सरळ किरणांत उतरविणारे रासायनिक लेसर तयार झाले. यांत एक मोठी सोय आहे. तापलेला वायु बाहेर टाकला, कीं त्याबरोबर पुष्कळशी उष्णताहि जाते. राख आपली आपण उडून जाते. परंतु सरपण मात्र शिदोरीसारखें बरोबर न्यावें लागतें, आणि शिदोरी संपली कीं शस्त्र रिकामें. या जातीच्या लेसरचा आकार किती मोठा होतो, याचें उदाहरण विमानांतील प्रयोगानें मिळालें. ऑक्सिजन आणि आयोडीन यांवर चालणारा मेगावॅट दर्जाचा लेसर बसविण्यास अमेरिकेला बोइंग ७४७ हें अवाढव्य विमान लागलें. ११ फेब्रुवारी २०१० रोजीं त्यानें उडतें क्षेपणास्त्र नष्ट करून दाखविलें. परंतु पुढच्याच वर्षीं तो कार्यक्रम बंद करण्यांत आला.

रासायनिक आणि वायूच्या लेसरांची आणखी एक खोड आहे. बाहेर पडणारा वायु अग्निबाणाप्रमाणें उपग्रहालाच ढकलतो, आणि नेम चुकतो. सोव्हिएत रशियाच्या तंत्रज्ञांनीं या अडचणीचा अभ्यास मोठ्या आस्थेनें केला होता. कार्बन डायऑक्साइडचा १ मेगावॅटचा लेसर अवकाशांत ठेवण्याची ‘स्किफ’ नांवाची त्यांची योजना होती. तिचा पहिला नमुना सुमारें ८० टन वजनाचा होता. त्यावर लेसर नव्हता. परंतु वायु चारी बाजूंनीं असा सोडावयाचा कीं धक्का बसूं नये, या प्रयोगासाठीं झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायु त्यांत भरलेले होते. १५ मे १९८७ रोजीं बायकोनूरहून ‘एनर्जिया’ या प्रचंड अग्निबाणावर तो निघाला. अग्निबाणानें आपलें काम चोख केलें. मात्र वेगळें झाल्यावर नमुन्यानें अर्धा फेरा वळावयाचें तें पूर्ण फेरा वळला, त्याचीं यंत्रें उलट्या दिशेस पेटलीं, आणि तो पॅसिफिक महासागरांत जाऊन पडला.

तिसरा मार्ग अणुशक्तीचा. अमेरिकेनें ३ एप्रिल १९६५ रोजीं एक लहान अणुभट्टी अवकाशांत सोडली. तिनें सुमारें ५०० वॅट वीज दिली आणि ती ४३ दिवसांनीं बंद पडली. रशियानें पुढें अनेक भट्ट्या उडविल्या. त्यांची वीज कांहीं किलोवॅटांपलीकडे गेली नाहीं. १०० किलोवॅटची भट्टी बनविण्याचा अमेरिकेचा प्रयत्न उड्डाणाआधींच सोडून देण्यांत आला. म्हणजे हव्या असलेल्या ३ मेगावॅटचा तिसावा हिस्सा देणारी भट्टीसुद्धां अद्याप आकाशांत चढलेली नाहीं. भट्टीलाहि राख आहेच. ती जितकी वीज देते, त्याच्या कितीतरी पट उष्णता तिला त्याच अरुंद वाटेनें बाहेर टाकावी लागते. आणि धोका केवढा! २४ जानेवारी १९७८ रोजीं ‘कॉसमॉस ९५४’ हा रशियन उपग्रह भट्टीसह कॅनडाच्या उत्तर भागांत कोसळला. त्याचे किरणोत्सर्गी तुकडे बर्फाळ प्रदेशांत दूरवर विखुरले, आणि ते शोधून उचलण्याच्या खर्चापोटीं रशियाला कॅनडास तीस लक्ष डॉलर द्यावे लागले. सरपणाचा प्रश्न एका झटक्यांत सोडविण्यासाठीं अणुबाँबच्या स्फोटांतूनच क्ष-किरणांचा लेसर निर्माण करण्याचा विचारहि अमेरिकेंत झाला. त्या शस्त्राचें वैशिष्ट्य असें, कीं एकदां किरण सोडला कीं तें स्वतः उरत नाहीं. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें पृथ्वीभोवतीं अण्वस्त्रें ठेवण्यास बंदी केली आहे. लेसरचें नांव मात्र त्या करारांत नाहीं.

चूल घरींच ठेवावी आणि केवळ आरसे वर न्यावेत, असाहि एक पर्याय सुचविला गेला. जमिनीवरील लेसरला वीज भरपूर, पाणी भरपूर. किरण वर जाऊन आरशावरून लक्ष्याकडे वळावा. १९९० सालीं अमेरिकेनें असा परावर्तक आरसा उपग्रहावर बसवून त्यावरून मंद किरण अचूक वळवूनहि दाखविला. सरपण आणि राख या दोन्ही अडचणींवर हा सर्वांत शहाणपणाचा तोडगा होय. परंतु मग किरणाला पुन्हा हवेंतून आणि ढगांतून जावें लागतें, आणि ज्या कारणासाठीं अवकाशांत जावयाचें, तें कारणच निम्मे नाहींसें होतें.

ही सर्व योजना ऐन भरांत असतां अमेरिकेंतील भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेनें तिची परीक्षा करण्यासाठीं एक मंडळ नेमलें. त्याचे एक प्रमुख नोबेल पारितोषिक मिळविलेले निकोलास ब्लोम्बर्गेन होते, आणि दुसरे प्रमुख बारामतीचे कुमार पटेल. या मंडळाचा अहवाल १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. कोणत्याहि किरणशस्त्राची शक्ति आणि किरणाची सुबकता निदान शंभरपट वाढल्यावांचून त्याचा विचारहि करतां येणार नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला. तें शस्त्र उपयोगी पडेल कीं नाहीं, एवढें ठरविण्यापुरतें ज्ञान मिळविण्यासच दहा वर्षें किंवा अधिक काळ कसून संशोधन करावें लागेल, असेंहि त्यांनीं सांगितलें. शस्त्र चालविणें दूरच. अशा चौक्यांपैकीं पुष्कळांची नित्याची देखभाल चालू ठेवण्यासहि प्रत्येकीवर अणुभट्टी लागेल, असें त्यांच्या हिशोबांत निघालें. ज्या गृहस्थांनीं शक्तिशाली लेसर जगाला दिला, त्यांनींच त्याची मर्यादा सरकारसमोर निर्भयपणें मांडली, ही गोष्ट त्यांच्या शोधाइतकीच मोलाची आहे.

त्यानंतर लेसरची प्रगति थांबली असें मात्र नाहीं. विजेवर चालणारे लेसर अधिक आटोपशीर झाले. भारतानेंहि १३ एप्रिल २०२५ रोजीं कर्नूल येथें ३० किलोवॅटच्या लेसरनें लहान मानवरहित विमान पाडून दाखविलें. परंतु तें यंत्र जमिनीवर उभें असतें, त्याला वीज देणारें जनित्र शेजारीं असतें, लक्ष्य कांहीं किलोमीटरवर असतें, आणि उष्णता नेण्यास वारा असतो. अवकाशांतहि थोड्या शक्तीचा लेसर कांहीं उपद्रव करूं शकेल. शत्रूच्या टेहळणी उपग्रहाचे डोळे दिपविण्यास मेगावॅट लागत नाहीं. परंतु उपग्रह नष्टच करावयाचा असेल, तर त्याहून स्वस्त उपाय उपलब्ध आहेत. २७ मार्च २०१९ रोजीं भारतानें सुमारें ३०० किलोमीटर उंचीवरील स्वतःचा उपग्रह जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें फोडला. त्या आघाताला सौर पत्रेहि लागले नाहींत आणि बर्फहि नाहीं. स्वस्त दगड हातीं असतां महाग किरणामागें कोण लागणार?

तेव्हां यापुढें अवकाशांतील लेसर-तोफेची बातमी वाचनांत आली, तर श्रोत्यांनीं किरण किती प्रखर आहे, एवढेंच विचारून थांबूं नये. वीज कोठून आली, किती सेकंद पुरली, आणि उष्णता कोठें गेली, हे तीन प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें आंकड्यांत मिळालीं, तर बातमी गंभीरपणें घ्यावी. तीं मिळालीं नाहींत, तर ती शंकराच्या नेत्राच्या कथेइतकीच खरी मानावी, आणि त्या कथेइतकी ती सुंदरहि नाहीं, हें ओळखावें.

शेवटीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २०२३ मध्यें ‘सायकी’ या अवकाशयानानें ३ कोटी १० लक्ष किलोमीटर अंतरावरून लेसरच्या साहाय्यानें एक चलच्चित्र पृथ्वीवर पाठविलें. त्या लेसरची शक्ति अवघी चार वॅट होती. रात्रीं माजघरांत जळणाऱ्या छोट्या दिव्याइतकी. एक हजार किलोमीटरवर इजा करण्यास दशलक्ष वॅट पुरे पडत नाहींत, आणि तीन कोटी किलोमीटरवर निरोप पोचविण्यास चार वॅट पुरतात. लेसरचा स्वभाव कोणत्या कामाला अनुकूल आहे, हें यावरून सहज समजावें.